किंचाळ्या झेललेली उशी

मी उशी बोलतेय. डोक्याखालची नव्हे, बुडाखालची. ध्यानाला बसतात ना, ती गोल, जाड, निळी उशी. शांत कसं राहावं हे ऐकायला आला असाल, तर आल्या पावली परत जा. माझ्याकडे तो माल नाही.

एका शिवणवालीनं माझ्यात कापूस ठासून भरला आणि दुहेरी टीप मारली. मग मी नि माझ्या अकरा बहिणी एका कचेरीत आलो. तिथली माणसं दिवसभर फोनवर तक्रारी ऐकायची. फ्रिज गार होत नाही, मशीन पाणी सोडत नाही. पलीकडचा आईबहिणीवर उतरला तरी अलीकडून उत्तर एकच, ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ आवाज चढला की लेखी ताकीद.

यांची डोकी थंड व्हावीत म्हणून साहेबांनी ध्यानाची खोली काढली. रोज दहा मिनिटं, सक्तीची. अहो, सक्तीनं कुणी शांत होतं का? एक जण घोरायचा, एकीचा डोळा घड्याळाकडे, तिसरा मनातल्या मनात सकाळच्या ग्राहकाला झोडपत बसायचा. बसणाऱ्याचं ओझं उशीला बरोबर कळतं. एकही हलका होऊन उठला नाही.

माझ्यावर बसायची तिला सगळे साखरताई म्हणत, इतका तिचा आवाज गोड. पण ती साखर कचेरीतच संपायची. घरी गेली की नऊ वर्षांच्या लेकीवर तुटून पडायची. चप्पल वाकडी का, वही उघडी का. एकदा शेजारच्या उशीवरच्या मैत्रिणीला ती रडत सांगत होती, की मी दारात दिसले की पोर दप्तर उचलून आत जाते, महिना झाला धड बोलत नाही.

“मला घाबरते गं ती,” म्हणाली.

पुढे एका ग्राहकानं तिला पाऊण तास सोलून काढलं. ती खोलीत आली, तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. तिनं मला उचललं, तोंड खुपसलं आणि किंचाळली. आई गं! माझा कापूस न् कापूस हादरला. तीनदा किंचाळली, केस सारखे केले आणि चक्क हसली. त्या संध्याकाळी घरी तिचा आवाज चढला नाही, हे तिनंच दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला सांगितलं. मग रोजचाच नेम झाला. मला तर वाटलं, आता कुठे माझ्या जन्माचं चीज झालं.

घोटाळा पंधराव्या दिवशी झाला. घाईत तिनं हेडफोन गळ्यात तसाच ठेवला आणि लाईन बंद करायची राहिली. पलीकडे ग्राहक ताटकळत होता. त्यानं सगळं ऐकलं आणि बिचाऱ्यानं लेखी विचारलं, ‘तुमच्या बाई सुखरूप आहेत ना?’

साहेबांनी मला टेबलावर ठेवून चौकशी केली. ध्यान शिकवणारे सर म्हणाले, राग श्वासातून सोडायचा असतो. साहेब म्हणाले, पुन्हा ओरडणार नाही असं लिहून द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका.

“इथे ओरडणार नाही, असं लिहून देते,” ती म्हणाली. “पण ही उशी मी घरी नेणार.”

थुंकी लागलेली उशी कुणाला हवी होती? न्या म्हणाले.

घरी तिनं मला लेकीच्या मांडीवर ठेवलं. “मी तुझ्यावर फार ओरडते ना? आता तू ओरड. काय वाटेल ते म्हण, मी रागावणार नाही.”

पोरीनं मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मग तिनं माझ्यात तोंड खुपसलं. “तू घरी येऊच नकोस!” एकदा, दोनदा, तीनदा. कापसाआडूनही आईला ते ऐकू गेलं. ती जागची हलली नाही. “चुकलं गं माझं,” एवढंच म्हणाली.

आता माझी टीप उसवलीय, कापसाच्या गाठी झाल्यात. ध्यान करणाऱ्यांनी खुशाल करावं, माझं त्यांच्याशी वाकडं नाही. पण डोक्यात आग पेटलेल्या माणसाला डोळे मिट म्हणू नका. आधी त्याला कुणाचं काळीज न दुखवता ओरडू द्या. मला लाज वाटत नाही, तुम्हीही बाळगू नका.

काल साखरताई कामावरून तणतणत आली. पोर आत पळाली नाही. तिनं दारातच मला आईच्या हातात दिलं आणि म्हणाली, “आधी हिच्यावर ओरडून घे. मग मला गणित शिकव.”