हारकिनसाहेबांचं चरित्र, थोडं कापून

मस्कतच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत कुटुंबं सतरा आणि समित्या सहा. रेव्हरंड हार्कनेस या अमेरिकन पाद्र्यानं नगर जिल्ह्यात पाऊल ठेवल्याला दीडशे वर्षं झाली, हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि लगेच सातवी स्थापन झाली. अध्यक्ष अर्थातच तानाजीराव ओहोळ. आधीच्या सहांचेही तेच होते. साहेबांचं चरित्र लिहून वाचायचं काम शैला साळवेकडे आलं, कारण तिचं मराठी चांगलं होतं आणि ती मीटिंगला आली नव्हती.

शैला राहायची मस्कतजवळच्या माबेलाला, नोकरी रुस्ताकच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये. रक्ताच्या नळ्या मशीनमध्ये फिरत असताना ती फोनवर साहेबांची पत्रं वाचायची. अमेरिकेतल्या कुठल्याशा कॉलेजनं ती इंटरनेटवर टाकली होती.

हारकिनसाहेब, गावानं त्यांचं नाव असंच बसवलं होतं, मोठे विद्वान. हिब्रू यायची, ग्रीक यायची, आणि मराठी अशी की उपदेश संपल्यावर लोक एकमेकांना विचारत, आज साहेब कशाबद्दल बोलले? नरकावर त्यांनी सातशे पानांचा ग्रंथ लिहिला. स्वर्ग त्यात बावीस पानांत उरकला होता. पण त्यांच्या पंथाचा एक नियम त्यांनी गावाला तळमळीनं शिकवला. मंडळीवर बिशप नाही, साहेब नाही, सभासद मतानं ठरवतील ते खरं. सभासद ही गोष्ट मनावर घेतील, असं बहुधा त्यांना वाटलं नव्हतं.

एका दुपारी डबा खाताना शैलाला साखराबाई सापडली. हे नाव तिनं घरच्या जुन्या बायबलच्या पहिल्या पानावर पाहिलं होतं. तिची खापरपणजी. साहेबांनी लिहिलं होतं, की ज्यांच्या कानावर प्रभूचं नाव पडलं नाही त्यांनाही नरकातून सुटका नाही, हे ते समजावत असताना ही बाई उठून उभी राहिली. तिचा दोन वर्षांचा मुलगा दुष्काळात गेला होता, साहेब गावात येण्याआधी. तिनं विचारलं, "मग माझा लेक कुठं हाय?" साहेबांनी शास्त्राप्रमाणे उत्तर दिलं. ती म्हणाली, "मग माझी बी जागा तिथंच करा. एवढंसं पोर, एकटं कसं राहील?"

साहेबांनी तिला मंडळीबाहेर काढायचा ठराव मांडला. मतदान झालं. तिनं राहावं, एकोणीस. जावं, दोन. एक मत साहेबांचं आणि दुसरं त्यांचा स्वयंपाकी धोंडिबा ओहोळ याचं.

पुढच्या ओळी तिनं दोनदा वाचल्या. 'रविवारी साखरा नेहमीप्रमाणे प्रार्थनेच्या देवळात झाडायला आली. मला सलाम केला. कुठं पाहावं मला कळेना.' सात महिन्यांनी साहेब मायदेशी परतले आणि ग्रंथाला आणखी एक खंड जोडला.

तिनं हे सगळं जसंच्या तसं लिहून तानाजीरावांना पाठवलं. तासाभरात फोन आला.

"शैलाताई, फर्स्टक्लास लिहिलंय. फक्त ते मतदानाचं उडवा."

"का हो?"

"अहो, सोहळा आहे. लोक बिर्याणी खायला, म्हणजे आशीर्वाद घ्यायला येणार. आणि तो स्वयंपाकी... आमचे खापरपणजोबा साहेबांचे सेक्रेटरी होते."

"पत्रात कुक लिहिलंय, काका."

"त्या काळी कुकच सगळं बघायचे. खलास! ते कापा."

शैला आयुष्यभर "बरं" म्हणत आली होती. सासूला, अर्बाबला म्हणजे दवाखान्याच्या मालकाला, सहाही समित्यांना. यावेळी शब्द ओठांवर आला, पण नरकातल्या त्या एकट्या पोराचं आणि झाडू घेऊन आलेल्या बाईचं काय करायचं, हे तिला कळेना. ती म्हणाली, "मंडळीला विचारू. साहेबांनीच शिकवलंय."

शुक्रवारी उपासनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये तिनं उभं राहून सांगितलं, एक प्रसंग वाचावा की गाळावा यावर मत घ्यायचंय. तानाजीरावांनी घड्याळ दाखवलं, बंद व्हायला आलेला एसी दाखवला, घरी जेवण थंड होतंय असंही सुचवलं. प्रसंग कोणता ते माहीत नसताना मत कसं देणार, असा रास्त प्रश्न कुणीतरी विचारला. म्हणून शैलानं तो अख्खा वाचून दाखवला. कापायला काही उरलंच नाही.

शैलाच्या शेजारी बसलेली तिची मुलगी मैत्री इंडियन स्कूलमधल्या तिच्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "आई, पण ते बेबी... तो काय चूक केला होता?"

मग "वाचावा" म्हणून पहिला हात वर गेला तो प्रेमाकाकूंचा, म्हणजे खुद्द सौ. ओहोळांचा. त्यांचं पहिलं बाळ इथल्याच सीबच्या घरात, अकराव्या दिवशी गेलं होतं. बाप्तिस्म्याची तारीख ठरायची होती. तीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी मंडळीत कधी काढली नव्हती. मागोमाग बाकीचे हात वर आले. तानाजीराव बायकोकडे बघत राहिले. त्यांनी ना बाजूनं हात केला, ना विरुद्ध. बसले, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

सोहळा झाला. प्रसंग वाचला गेला, बिर्याणीही संपली. प्रेमाकाकूंनी शैलाला मिठी मारली आणि तिच्या डब्यात उरलेला शिरा भरून दिला.

तानाजीराव आठवडाभर गप्प होते, हा एक विक्रमच. मग त्यांचा शैलाला मेसेज आला, त्या पत्राचा स्पष्ट प्रिंटआउट मिळेल का? तो आता फ्रेम करून त्यांच्या दिवाणखान्यात लागलाय. आल्यागेल्याला ते बोटानं दाखवतात, "हे बघा, धोंडिबा ओहोळ! अख्खं गाव एकीकडे आणि आमचे खापरपणजोबा एकीकडे. तत्त्वाची माणसं होती हो!"

चहा आणताना प्रेमाकाकू एवढंच म्हणतात, "चुकीच्या बाजूला होते, तेही सांगा."