पश्चिमेचे हिरवे चेहरे

आमच्या इमारतीत पहिला रंगीत टीव्ही आला तो अर्थातच तळमजल्यावरच्या क्वांटसाहेबांकडे. पक्षाचा माणूस, त्याला कसली आलीय रांग! बर्लिनची भिंत उभी राहिली त्या वर्षी हेच गृहस्थ शिडी घेऊन आमच्या पूर्व जर्मनीतल्या या गोथा शहरभर छपरांवर चढले होते आणि पश्चिमेकडे तोंड केलेले अँटेना पिरगाळत होते. शत्रूचं विष घरात येतं म्हणे. त्यांचा स्वतःचा अँटेना मात्र माळ्यावर, कौलांखाली. विषाची परीक्षा कुणीतरी घ्यायला हवीच ना.

माझं नेमकं त्यांच्याकडेच अडलं होतं. माझी सिग्रून अभ्यासात हुशार, तिला डॉक्टर व्हायचं होतं. पण वरच्या शाळेत जायला घरच्यांबद्दल पक्षाचा, म्हणजे क्वांटसाहेबांचा शब्द लागे, आणि तो ते देईनात. "हूटबाई, तुमचा अँटेना चुकीच्या दिशेला बघतो," एवढंच पालुपद. पोरगी रडून झोपायची आणि मला या माणसाचा असा संताप यायचा की बस.

आता रंगाची गंमत अशी. पश्चिम जर्मनीने रंग पाठवायची एक पद्धत काढली. शेजाऱ्याची घेतली तर नाक कापलं जाणार, म्हणून आमच्या थोरांनी थेट फ्रान्सची घेतली. तेही भांडवलदारच, पण लांबचे. त्यामुळे आमच्या रंगीत टीव्हीवर पश्चिमेचं सगळं राखाडी दिसे. हे क्वांटसाहेबांना सांगणार कोण? ते तर पश्चिम बघतच नसत.

एका सोमवारी ते माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले आणि दार नीट लागलंय का ते बघून कुजबुजले, "टीव्ही बिघडलाय. मधूनच रंग जातो."

"मधूनच म्हणजे कधी?"

"आता परवा शनिवारी. निवेदक म्हणतो, काय हा लालभडक झगा! आणि मला दिसतोय राखाडी."

"शनिवारी संध्याकाळी? तेव्हा आपल्याकडे ट्रॅक्टर कारखाना दाखवत होते, क्वांटसाहेब. झगा कुणी घातला होता, फोरमनने?"

साहेबांचा चेहरा मात्र झग्यासारखा लालभडक झाला. मी स्टूल पुढे केलं. "बसा. टीव्हीत तिकडचे रंग ओळखणारी एक छोटी पट्टी बसवली की झालं. पण माझं डोकं सध्या ठिकाणावर नाही हो. सिग्रूनच्या शाळेचं टेन्शन."

"हुशार आहे पोर," ते स्टुलाला म्हणाले. "मी बोलतो."

पट्टी मी त्याच आठवड्यात बसवली. फक्त तिच्यावरचा एक स्क्रू जरासा जास्त पिळून ठेवला. आपले कार्यक्रम ठीक, पण पश्चिमेची माणसं हिरवीगार दिसू लागली. गायिका हिरवी, बातम्या देणारा हिरवा, मंत्री तर शेवाळलेले. मी म्हटलं, "पट्टी नवी आहे, मुरायला वेळ लागेल. शाळेचा होकार येईपर्यंत होईल बहुतेक ठीक."

क्वांटसाहेबांनी तक्रार केली नाही. तिकडे सगळं सडतंय असं आमचं वर्तमानपत्र रोज सांगायचंच. उलट शाळेच्या समितीपुढे ते छाती काढून म्हणाले, "या इमारतीत पश्चिमेचं काय येतं, ते मी रोज संध्याकाळी जातीने तपासतो." यात एक अक्षर खोटं नव्हतं.

होकार आला. सिग्रून जिन्यावरून ओरडत, दोन-दोन पायऱ्या गाळत वर आली आणि मी तिला धरून ढसाढसा रडले. मग डोळे पुसले, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि खाली गेले.

स्क्रू जरा सैल केला. पडद्यावर बाजारातली गर्दी होती. बायका, म्हातारे, पोरं, सगळ्यांचे गाल हळूहळू गुलाबी झाले. क्वांटसाहेब खुर्ची ओढत पडद्याजवळ सरकले.

"हूटबाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "हे तर आपल्यासारखेच दिसतात."

"हो ना," मी म्हटलं. "म्हणून तर तुम्हाला छपरावर चढावं लागलं."