भिंतीलगतची कोरांटी

भुईगावच्या वाडीत जुलियाना रोज सकाळी कारल्याच्या मांडवाखाली उभी राहायची आणि एकेक नर फूल खुडून मादी फुलाला टेकवत जायची. मधमाश्यांचं काम माणसावर आलं होतं. शेजारच्या शेतात इमारत उठली, जुनं रानफुलांचं कुंपण जाऊन सिमेंटची भिंत आली, आणि माश्यांनी पाठ फिरवली. हात पोचतील तेवढीच कारली धरायची, बाकीची बोटाएवढी होऊन गळायची.

"हा मांडव शेवटचा," नवरा पॉल म्हणाला. "इमारतवाल्यांना गाड्या लावायला जागा हवीच आहे."

जुलियाना भिंतीकडे वळली. भिंतीलगत दिवसभर सावली. तिथे मिरची लावली ती खुरटली, झेंडू लावला तो नुसताच उंच वाढला. मग तिला माहेरची पिवळी कोरांटी आठवली. आंब्याच्या गर्द सावलीतही ती फुलायची आणि माश्या तिला सोडायच्या नाहीत. पावसाळ्यात भावाकडून फांद्या आणून तिने भिंतीच्या कडेने खोचल्या.

"हे काटे कोण घेणार?" पॉल हसला.

"विकायला नाहीत. माश्यांना जेवण घालायचंय."

झुडपं गुडघ्याएवढी झाली आणि गवत काढायला आलेल्या गड्याने रान समजून ती साफ कापली. पण मुळं जिवंत होती. पुढच्या पावसात प्रत्येक बुंध्याला जोमाने फुटवे आले आणि नाताळपर्यंत सावलीतली ती पट्टी पिवळीधमक झाली.

जुलियानाने हट्टाने पुन्हा घातलेल्या मांडवावर फुलं आली तेव्हा एका सकाळी पॉलची हाक आली, "जुली, धाव!"

साप निघाला असं वाटून ती काठी घेऊनच धावली. कोरांटीवर सातेरी मधमाश्यांची गुणगुण चालली होती. तिथून उठून त्या थेट कारल्याच्या फुलांवर बसत होत्या. जुलियानाने सवयीने फुलाकडे हात नेला.

"तू नको," पॉल हळूच म्हणाला. "त्यांना करू दे."

त्या हंगामात मांडव कारल्यांच्या भाराने वाकला. बाजारात टोपली उतरवायचा अवकाश, गिऱ्हाईक गोळा व्हायचं. इमारतीतल्या विनयाने खिडकीतून विचारलं, "काकी, आमच्या मागच्या बाजूला ऊनच येत नाही. तिथे जगेल का हो ही कोरांटी?"

"जगेल म्हणजे? फुलेल!" जुलियाना खणखणीत आवाजात म्हणाली. "पावसात ये, हव्या तेवढ्या फांद्या ने."

तिकडे पॉल दुसऱ्या मांडवासाठी खड्डे खणत होता.