विमानाला जुंपलेले बैल

सुपातला तो काळा खडा मालनवहिनींच्या बोटांना सापडत नव्हता, तांदळातून निसटून पुन्हा कडेला जात होता – आणि सहदेवला तो दारातूनच दिसत होता. खडे दिसायचेच त्याला. पंचेचाळीस साली तो जर्मनांचा युद्धकैदी होता, तेव्हा त्यांच्या विमानतळावर कैद्यांची रांग रोज सकाळी धावपट्टीवर वाकून हेच करायची. तिथल्या नव्या लढाऊ विमानांना समोर फिरणारा पंखा नव्हता, खाली दोन जाडी नळकांडी होती, आणि ती पुढचं सगळं आत ओढायची... एक खडा गेला तरी यंत्राची वाट लागली.

"भावजी, उद्या सर्वपित्री," वहिनी मान वर न करता म्हणाल्या. "यंदा यांचंही पान वाढू का?"

यांचं म्हणजे वहिनींच्या नवऱ्याचं, सहदेवबरोबर कैदेत असलेल्या कुंडलिकचं. सरकारी कागदावर तो बेपत्ता. आणि कागदावर कडी केली ती मी – होय, मीच, सहदेव मनात म्हणाला. युद्धानंतर घाटकोपरच्या या चाळीत एकटा परतलो आणि सांगून टाकलं, की कुंडलिक त्या बिनपंख्याच्या विमानात चढला, ढगात शिरला, तो उतरलाच नाही. कुठेतरी दूर उतरला असेल, असंही म्हणालो. तेवीस वर्षांच्या बाईला दुसरं काय सांगणार होतो? तिनं कुंकू ठेवलं. अडतीस वर्षं. सांताक्रूझला उतरणारी विमानं पत्र्यांवरून जातात तेव्हा अख्खी चाळ कानावर हात ठेवते, ती मात्र अजून वर बघते...

"वाढा," सहदेव म्हणाला.

सुपातला हात थांबला.

"कुंडलिक विमानात नव्हताच, वहिनी. जर्मनांचं तेल संपत आलेलं. विमान धावपट्टीपर्यंत ओढायला बैल जुंपायचे. आम्ही दोघं गावाकडचे, म्हणून बैल आमच्याकडे."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. हसू आवरेना. "विमानाला बैल? तुमच्या थापांना चाळीतली गिऱ्हाइकं संपली वाटतं, म्हणून आता माझ्यावर होय?"

हसणारच. जर्मन साहेबाला मी मालवणी शिकवलं, हे चाळीनं मिटक्या मारत ऐकलं होतं. बैल मात्र मी कधी कुणाला सांगितले नाहीत... खरे होते ना.

"ऐका तरी. त्या दिवशी जू सोडून बैल बाजूला घेतले. साखळी विमानाच्या पलीकडे राहिली, ती आणायची होती. मधे आमचा मारका बैल, शिंगं रोखून. गावात आपण काय करतो? गाडीच्या मागून वळसा घालतो. कुंडलिक तसाच मागून गेला. गाडीच्या मागे धूळ असते, वहिनी. त्या विमानाच्या मागे... यंत्र तेवढ्यात पेटलं. जाळ निघाला तो वीस हात लांब."

वहिनी आता हसत नव्हत्या. त्यांनी सूप बाजूला सारलं.

"हे बैलाला वळसा घालणारे नव्हेत," त्या हळू म्हणाल्या. "मारक्याची शिंगं धरायचे हे. मागून जा, असं कोण म्हणालं त्यांना?"

मागनं जा रे, कुंडल्या – तो आवाज जर्मन नव्हता, त्याचा स्वतःचाच होता. पण सहदेवच्या जिभेवर एक रचलेला जर्मन साहेब येऊन उभा राहिलाच. नावासकट, हुद्द्यासकट, लाल मिशीसकट, नेहमीसारखा तयार. सहदेव त्याच्याकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या साहेबाची शिसारी आली... आणि तरी, जा म्हणून त्याला घालवून देणं काही जमेना.