सहा विभाग, सहाही पहिले

कुलपं बनवणाऱ्या त्या कंपनीत बॅकअप सांभाळणाऱ्या बाईंना सगळे कॉपीबाई म्हणत. उद्या त्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. रजेचा अर्ज मॅनेजरच्या टेबलावर पडून होता, आणि सहीसाठी मॅनेजरची अट एकच होती: संध्याकाळपर्यंत बॅकअप हिरवा दिसला पाहिजे. बॅकअप सोमवारपासून लाल होता.

कारण पडद्यावर सरळ लिहिलेलं होतं: डिस्क भरली. बाईंनी आधी चारचौघांसारखं सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. लालच. नव्या डिस्कचं विचारलं, तर पुरवठादारानं तीन आठवडे सांगितले, तेही अशा आवाजात की ऐकणाऱ्यानं सहा समजावेत. शेवटी त्यांनी स्टोरेज पॉलिसी उघडल्या. म्हणजे कोणत्या विभागाच्या प्रती किती दिवस ठेवायच्या आणि बॅकअपच्या रांगेत आधी कोण, याचे नियम.

ते बाईंच्या आधीच्या माणसानं केलेले. त्याला ऑफिसात होयबा म्हणत, आणि ते उगाच नव्हे. विक्रीचे साहेब म्हणाले, आमच्या प्रती कायम ठेवा. यानं ‘कायम’ लिहिलं. ते खरेदीच्या मॅडमच्या कानावर गेलं, मग आम्ही काय घोडं मारलंय म्हणून त्यांचंही कायम. असं करत सहाही विभाग कायमचे झाले आणि सहाही रांगेत पहिले. होयबा कोणालाही न दुखवता बढतीवर निघून गेला. मुदत संपल्याशिवाय जुनी प्रत जागची हलत नाही, आणि ‘कायम’ला मुदतच नाही. चार वर्षांच्या प्रती डिस्कवर पाय पसरून बसल्या होत्या.

कायद्यानं जपायचे कागद वेगळ्या टेपवर सुरक्षित होते. बाकीच्याला तीस दिवस पुरले असते, पण मुदत कमी करायची तर विभागप्रमुखांची संमती हवी. बाई सकाळभर जिने चढल्या-उतरल्या. विक्रीच्या साहेबांना सगळं पटलं, फक्त सुरुवात खरेदीपासून करा म्हणाले. खरेदीच्या मॅडमनी डिझाइनकडे बोट दाखवलं. डिझाइनवाल्यांनी चहा पाजला, खुर्ची दिली, सही सोडून सगळं दिलं. गुणवत्तावाल्या साहेबांनी एकाच कुलपाचे दोनशे फोटो दाखवले आणि यातला कुठला काढू ते तुम्हीच सांगा, असं काकुळतीनं विचारलं.

दोन वाजता आईचा फोन आला. उद्या तू येतेस, की शेजारणीला सोबत नेऊ? येते म्हणून बाईंनी फोन ठेवला.

मग त्या मॅनेजरकडे गेल्या आणि विभागप्रमुखांचं बहुमत चालेल असं लिहून घेतलं. एक फॉर्म छापला. निर्णय बहुमतानं होईल, हे वर ठळक. खाली एकच प्रश्न: आपला सोडून कोणत्या विभागांच्या जुन्या प्रती तीस दिवसांनी काढाव्यात?

सहाही फॉर्म वीस मिनिटांत परत आले. सकाळी ज्यांना पेन सापडत नव्हतं त्यांनी इतर पाचांची नावं सुवाच्य अक्षरात लिहिली होती. खरेदीच्या मॅडमनी तर विक्रीच्या नावाखाली दोन रेघाही ओढल्या होत्या. बाईंनी बेरीज केली. प्रत्येकाच्या विरोधात पाच मतं.

चार वाजता त्यांनी नियम बदलले. साडेचारला विक्रीचे साहेब तरातरा खाली आले.

“कॉपीबाई, आमच्या प्रती काढायला कोणी सांगितलं?”

“पाच जणांनी, साहेब. सह्या आहेत.”

साहेबांनी पाचही सह्या पाहिल्या आणि दोन रेघांशी अंमळ थांबले. “आणि माझा फॉर्म?”

“तो त्या पाचांना दाखवायचाय. येतीलच ते आता. थांबता का?”

साहेबांना अचानक मीटिंग आठवली.

पाच वाजून दहा मिनिटांनी शेवटची ओळ हिरवी झाली. मॅनेजरनी अर्जावर सही केली, आणि पेनाचं टोपण लावता लावता हळूच विचारलं, की त्यांच्या केबिनच्या प्रती किती दिवस राहतात.

बाईंनी आधी अर्ज उचलून पर्समध्ये ठेवला.

“तीस, सर. तुमची केबिन विक्रीतच धरलेली आहे.”