कुलूपवालीची सही

"परीक्षेत नापास झालेल्याचंच परीक्षेबद्दलचं मत आम्ही काय धरायचं, मॅडम?" साहेबांनी परीक्षेवरचा तिचा अहवाल न उघडताच बाजूला सारला. "कोल्ह्याला द्राक्षं आंबट, म्हणतील लोक."

ऑफिसात तिला सगळे कुलूपवाली म्हणत. सोळा वर्षं ती एकच काम करत होती. लोकांच्या वेबसाइटमध्ये चोर शिरेल तसं शिरून बघायचं आणि भोक सापडलं की लिहून द्यायचं. मागच्या वर्षी एका दवाखान्याच्या साइटच्या पत्त्यातला एक आकडा तिने बदलला, तर कुणा परक्या बाईचा रक्ताचा रिपोर्ट उघडला. त्या अहवालाखाली तिची सही होती. आता साहेबांनी ठरवलं होतं, की यापुढे सह्या फक्त प्रमाणपत्रवाल्यांच्या. सही गेली की ती नुसती हाताखालची. त्या प्रमाणपत्राची परीक्षा लायकीची आहे का ते बघायला त्यांनी तिलाच बसवलं आणि ती साफ आपटली. सत्तर टक्के हवे होते, अठ्ठावन्न पडले.

पडणारच की! साठ प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, आणि 'ही साइट घे, शिरून दाखव' असं एकदाही नाही. 'सर्वांत चांगला उपाय कोणता?' या एका प्रश्नापाशी तिची सहा मिनिटं गेली होती. अरे बाबांनो, साइट बघितल्याशिवाय सांगू कसं?

घरी सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. पस्तीस वर्षं शाळेत मुलांकडून पाढे घोकून घेतलेली, एकाहत्तर वर्षांची बाई. मोबाइलवर फोटो आला तरी उघडायला सुनेला हाक मारायच्या.

"तोंड का पाडलंयस एवढं?"

तिने सगळं सांगितलं, आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेच विकलेलं चारशे प्रश्नांचं पुस्तक पुढ्यात आपटलं. "यातलेच साठ विचारतात. मी मेलीने उघडलंही नव्हतं."

सासूबाईंनी चष्मा लावून पानं उलटली. "एवढंच होय? हे मी दहा दिवसांत पाठ करेन."

ती हसली, आणि हसता हसता थांबली. परीक्षेचा अर्ज तिने दोनदा वाचला. वय, शिक्षण, अनुभव, कशाचीच अट नव्हती. जन्मभर कुलपं तपासली, मग हे तरी दुसरं काय होतं?

"आई, खरंच बसाल?"

"बसते की. पण नाव माझंच घाल हो, पूर्ण."

बाराव्या दिवशी सासूबाई ठेवणीतले कपडे घालून केंद्रात गेल्या, माउस कसा धरायचा ते तिथल्या बाईंना विचारलं आणि पंचवीस मिनिटांत बाहेर आल्या. पंच्याऐंशी टक्के!

"पास झाले खरी," पायऱ्या उतरताना म्हणाल्या, "पण वेबसाइटमध्ये शिरतात म्हणजे नक्की कुठून गं?"

साहेबांनी ते प्रमाणपत्र उलटसुलट करून बघितलं. "या कोण?"

"माझ्या सासूबाई. दवाखान्याच्या पुढच्या अहवालावर त्यांची सही घ्यायची का, सर? तुमच्या नियमात बसते."

साहेबांना हसू आलं, मग ते ओशाळले. "पटतंय हो मला. पण गिऱ्हाईकं कागद मागतात. एक तारखेपासून नियम लागू. तुम्ही पाठ करून पुन्हा बसा ना. तुम्हाला काय अवघड आहे?"

"अवघड नाही, म्हणूनच बसणार नाही."

सोळा वर्षांच्या कामाला घोकंपट्टीची चिठ्ठी जोडायची, या विचारानेच तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

तीन तारखेला दवाखान्याच्या फेरतपासणीचा अहवाल तयार झाला. शेवटच्या पानावर नवी चौकट होती: नाव, प्रमाणपत्र क्रमांक, सही.

"ती कोरी ठेवा," साहेब म्हणाले. "कुणाची तरी घेऊ."

"भोकं मी शोधलीत, सर."

तिने नाव लिहिलं. क्रमांकाच्या जागी ठसठशीत अक्षरांत 'नाही' लिहिलं. खाली सही केली, एरवीसारखी घाईची नव्हे, पूर्ण नावाची.

"गिऱ्हाइकाकडून परत आला तर?"

"आला तर येऊ दे. पुन्हा हेच लिहीन."

ती जागेवर जाऊन बसली, पुढची साइट उघडली, आणि पत्त्यातला शेवटचा आकडा पुसून तिथे दुसरा घातला.