मेण लावलं का?

रऊफ अमरावतीला गेल्यापासून मला काहीच येत नाही. म्हणजे त्याला तरी मी तसंच दाखवतो. अकोल्यात जठारपेठेच्या गल्लीत आम्ही दोघांनी पंपदुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा आम्हाला धड मिशा फुटल्या नव्हत्या. आता माझ्या मिशा पांढऱ्या झाल्यात आणि तरी मी रोज सकाळी फोन लावून विचारतो, "रऊफ, ॲल्युमिनियमले कोनता बर लावू?"

बर म्हणजे बारीक दांडीच्या टोकाला बसवलेलं कार्बाइडचं दातेरी बोंड. ग्राइंडरमध्ये अडकवलं की गरगर फिरत धातू कोरतं. लोखंडाला आडवेउभे बारीक दाते लागतात. तोच बर ॲल्युमिनियमवर चालवला तर दात्यांत चिकट चुरा बसतो आणि तो कापायचं सोडून नुसता घासत राहतो. तिथे मोकळ्या, रुंद दात्यांचा लागतो, आणि आधी त्यावर मेणबत्ती घासायची. हे मी झोपेतही सांगेन. पण रऊफच्या तोंडून ऐकल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही, त्याला मी काय करू?

"मोठ्या दात्याचा घे," तो म्हणतो. "मेन लावलं का?"

"लावतो."

"लावतो नाई, आधी लाव. मंग फोन मशीनपाशी ठेव. मी आयकतो."

ही त्याची करामत. हात जड पडला की बर गुरगुरतो, हलका ठेवला की सरळ गातो. दुकानात माझ्याकडे पाठ करून चहा पिता पिता तो ओरडायचा, "दाबू नको बे! बर हाये तो, पाना नाई." मला तेव्हा राग यायचा. आता त्या ओरडण्यासाठी जीव तुटतो.

डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून त्याचा मुलगा मुजम्मिल त्याला अमरावतीला घेऊन गेला. "थंडी सरली का येतो," म्हणाला होता. थंडी सरली, उन्हाळाही सरला. त्याचं स्टूल मी रोज झाडतो. शेजारचा मोबाईलवाला नितेश तेवढा कोपरा भाड्याने मागून मागून थकला. "मानूस येनार हाये," मी त्याच्यावर खेकसतो. येणार आहे का, हे रऊफला विचारायची मात्र माझी छाती होत नव्हती.

परवा पंपाचं झाकण वाइसच्या लोखंडी जबड्यात पकडलं, फोन शेजारी ठेवला आणि मशीन सुरू केलं.

"हात जड हाये!" रऊफ ओरडला. मी हलका केला. तेवढ्यात लाइट गेली. बर फिरत फिरत थांबला, सगळी गल्ली गप्प झाली. मी तसं सांगणार, तोच फोनमधून त्याचा खूश आवाज आला, "हां, आता कसं! आता गाऊन राहिला. असाच चालू दे."

बंद मशीन हातात धरून मी तसाच उभा राहिलो. माझं बोलणं त्याला ऐकू येत होतं, पण बराचा तो बारीक आवाज त्याच्या कानांतून केव्हाच गेला होता. रोज आधी जड म्हणायचं, मग शाबासकी द्यायची, एवढंच तो करत होता.

"हो बे," मी म्हणालो. "असाच चालू ठेवतो."

दुसऱ्या दिवशी बरांचा लाकडी ठोकळा दुपट्ट्यात गुंडाळून मी बसमध्ये बसलो. कार्बाइड कितीही कडक असलं तरी एकमेकांवर आपटलं की टवके उडतात, म्हणून ठोकळ्यात प्रत्येकाला वेगळं भोक. अमरावती येईपर्यंत तो मी मांडीवरून हलू दिला नाही.

रऊफ दारातच बसला होता. "काहून आला बे? दुकान कोन पाहून राहिलं?"

"बर भरले. तुह्याशिवाय कोन साफ करते?"

त्याच्या बायकोनं, अनवरीभाभीनं, चहा दिला. आम्ही ओट्यावर रॉकेलची वाटी मधे ठेवून पितळी ब्रशनं एकेक बर घासायला बसलो. रऊफ प्रत्येकाचे दाते नखानं चाचपून पाहायचा. जुनं सुख होतं ते. त्या सुखाच्या भरात मी बोलून गेलो, "तुहं स्टूल झाडून ठेवलं हाये."

त्याचा ब्रश थांबला. "डॉक्टर त्या आवाजात बसू देत नाई, भगवंता. कानात उरलं तेवढं सांभाळा म्हनते. अरीबा आता बोलाले लागली. नातीचं बोलनं तरी आयकू येऊ दे."

मी मान खाली घालून घासत राहिलो. मग म्हणालो, "मले करमत नाई बे तिथं."

"मले इथं कुठं करमते?"

निघताना ठोकळा बांधायला घेतला तर एक भोक रिकामं. बर रऊफच्या मुठीत होता.

"याच्यात चुरा हाये अजून," तो म्हणाला. "राहू दे. पुढच्या खेपेला ने."

तो बर मीच साफ केला होता. त्याच्या दात्यांत कण नव्हता.

"हो," मी म्हणालो, "लय भरला हाये तो."

आज सकाळी दुकान उघडलं, स्टूल झाडलं. ठोकळ्यातून लोखंडाचा, बारीक दात्यांचा बर काढला आणि मशीनमध्ये अडकवला. समोर ॲल्युमिनियमचं झाकण होतं. फोन लावून शेजारी ठेवला.

"मेन लावलं का?" रऊफनं विचारलं.

"लावलं," मी म्हणालो, आणि त्याचं 'हात जड हाये' खरं ठरावं म्हणून कोरडाच बर झाकणावर टेकवून जोरात दाबला.